सातव्या घरातला प्लूटो

"प्लूटो सातव्यात आहे. नाही जमणार," हाफतिकीट म्हणाली, आणि चष्मेवाला चक्क शीळ घालत जिना उतरला.

ही तिसरी मुलगी! म्हणजे बघा, त्याची आई स्थळं शोधायची, तो पत्रिका घेऊन हिच्याकडे यायचा आणि ही दिसेल तिच्या सातव्या घरात प्लूटो बसवून मोकळी. शाळेपासूनचे दोस्त. खाली त्याचं चष्म्यांचं दुकान, वर हिच्या आत्याचं ज्योतिष कार्यालय.

हाफतिकीट हे नाव त्यानंच ठेवलेलं. ही जन्मली चालत्या बसमध्ये, आणि कंडक्टर म्हणे हिच्या आईला म्हणाला, "आता हिचंही हाफ तिकीट काढा!" बाकी वर्ग ते नाव कधीच विसरला. तो नाही.

"अगं, आपल्या ज्योतिषात प्लूटो धरतच नाहीत," आत्या आतून ओरडली. "बिचाऱ्याला ग्रहांतूनसुद्धा हाकललंय."

"म्हणून काय तो फिरायचा थांबला?"

"आणि करतो काय म्हणे सातव्यात?"

"जोडीदाराचं घर ना ते. तिथे बसून मनात दडलेलं सगळं उपसून काढतो."

"मग काढू दे की! तुझ्या का पोटात दुखतंय?"

हाफतिकीट खिडकीकडे वळली. खालून त्याचा आवाज येत होता. "शेवटची ओळ वाचा, आजोबा. घाई नाही." दिवसभर तेच वाक्य, आणि ही दिवसभर खिडकीशी कान लावून. आपल्याशी कधी बोलेल का हा इतक्या मायेनं?

मग एका दुपारी तो आला. नवा शर्ट, केस चापूनचोपून बसवलेले. आणि शीळ नाही!

"चौथी का?"

"शेवटची. ही आईनं नाही आणलेली. माझी मीच."

हिनं उगाच टेबलावरचे कागद सरळ केले.

"आवडते?"

"फार. कधीपासूनची."

आज त्यानं स्वतःच कॉम्प्युटरवर सगळं भरलं. बोटं चुकत होती त्याची. पत्रिका तयार झाली, तशी त्यानं स्क्रीन हिच्याकडे वळवली.

"वाच. घाई नाही."

कसलं वाचतेय! डोळे काठोकाठ भरलेले. मान हलवली तर सांडतील म्हणून ही त्याच्या शर्टाच्या वरच्या बटणाकडे बघत राहिली.

"प्लूटो सातव्यात आहे," ती म्हणाली. "नाही जमणार."

"नीट बघितलंस?"

"माझा धंदाच आहे तो. सोड तिचा नाद."

"तू म्हणतेस हे? तू?"

"मीच म्हणतेय."

तो हसायला गेला, जमलं नाही. "बरं. मग आईच्या त्या तिसरीला हो कळवतो. ते लोक अजून थांबलेत."

"तिच्याही सातव्यात प्लूटो आहे."

"असू दे," तो म्हणाला आणि दार हळूच ओढून घेतलं.

पायऱ्यांवरची पावलं संपेपर्यंत ही तशीच बसून होती. मग ओढणीनं डोळे पुसले. बघू तरी कोण ही महामाया, म्हणून स्क्रीनकडे वळली.

प्लूटो सातव्यात नव्हताच. आणि शेवटच्या ओळीत, मुलीच्या नावापुढे, त्यानं लिहिलं होतं: हाफतिकीट.