तिसऱ्यांदा चेहरा

अंगणवाडीतून बाळाच्या आहाराचं पाकीट हवं, तर आईचा चेहरा मोबाईलला ओळखू यावा लागतो. ऊसतोडीहून कालच परतलेल्या रंगुबाईचा चेहरा दोनदा जुळला नव्हता. कडेवरची पोर पाकिटाकडे हात करून रडत होती.

"आई समोर उभी आहे, ताई. कायद्यानं तुम्ही..." यंत्रं आणि कायदा यावर पीएचडी करणारी फलक वही सरसावून म्हणाली.

"कायदा या मोबाईलला शिकवा, मॅडम," सेविका म्हणाली. "आता अजून एकदाच घेईल त्यो. न्हाई जुळला, तर आजचं पाकीट गेलं."

रंगुबाईनं मागं उभ्या बहिणीला, सुरेखाला, पुढं ढकललं. मोबाईलनं सांगितलं तसे सुरेखानं डोळे मिचकावले. हिरवी खूण उमटली: रंगुबाई, ओळख पटली.

फलकचं पेन थांबलं. तीन वर्षं ती यंत्र चुकल्याचा असाच पुरावा शोधत होती.

"मॅडम, हे लिवलं तर हिचं पाकीट बंद व्हईल, अन् माझी नोकरी बी," सेविका हळूच म्हणाली.

"तुम्ही दोघी जुळ्या?" फलकनं विचारलं.

"न्हाई वो. ही चार वर्सांनी धाकटी." रंगुबाईनं पाकीट पदराखाली घेतलं. "दिवाळीआधी नोंदीचा फोटो काढला, तवा मी हिच्यावानीच दिसत हुते. मंग आमी नवरा-बायकू ऊस तोडाया गेलो."