पहिलं नाव

टीव्हीच्या पडद्यावर नाव उमटलं: भगवती. भारतापासून दूर, समुद्रापारच्या बेटावर, व्हाकोआच्या मराठी संघाच्या सभागृहात टाळ्या झाल्या. महाराष्ट्र बघून यायच्या सहलीत एकच जागा होती. ती संघातल्या कुठल्या म्हातारीला द्यायची यावरून रुसवेफुगवे नकोत, म्हणून सोडत कॉम्प्युटरवर काढली होती. कॉम्प्युटर गजेंद्रचा, प्रोग्रामही त्यानंच लिहिलेला. भगवती त्याची आई.

बायका भगवतीभोवती जमल्या. कोणाच्याच मनात शंका आली नाही. गजेंद्र शाळेत गणित शिकवायचा, त्याच्या शब्दाला मान होता. तो मात्र पडद्याकडे बघत राहिला. सकाळी घरी यंत्र सुरू करून चाचणी घेतली, तेव्हाही पहिलं नाव आईचंच आलं होतं. नंतरची नावं वेगळी आली, म्हणून त्यानं ते हसण्यावारी नेलं होतं.

त्यानं यंत्र बंद केलं, पुन्हा सुरू केलं, कॅसेटवरून प्रोग्राम चढवला. भगवती.

बंद करून सुरू केलं की यंत्र आकड्यांची तीच ओळ पहिल्यापासून म्हणत होतं. म्हणजे खरी सोडत झालीच नव्हती, नाव आधीच ठरलेलं होतं.

संघाचे अध्यक्ष बाबूराव यांना बाजूला घेऊन त्यानं हे सांगितलं. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"लेस ली, गजेंद्र. राहू दे. तुझ्या आईचं नाव आलं म्हणून इथं कोणाला वाईट वाटलंय?"

ते खरंच होतं. म्हणूनच जास्त अवघड होतं.

तो आईजवळ जाऊन बसला. तिच्या डोळ्यांत अजून पाणी होतं. झोपेतून उठवलं की हे यंत्र दर वेळी तेच नाव घेतं, हे त्यानं तिला हळू आवाजात समजावलं. भगवतीनं पदरानं तोंड पुसलं. म्हणाली, "मग नीट कर त्याला. आणि सगळ्यांना सांगून कर."

त्यानं सांगितलं. मग त्यानं प्रोग्रामात दोन ओळी घातल्या. आता कोणी कळ दाबेपर्यंत यंत्र आत आकडे फिरवत राहणार होतं, आणि बोट पडेल तिथं थांबणार होतं. बोट कधी पडेल ते यंत्राला ठाऊक नसणार.

कळ दाबायला कोणी पुढं येईना. शेवटी भगवतीच उठली. पडद्यासमोर जराशी थांबली, आणि तिनं कळ दाबली.

पडद्यावर उमटलं: शांती, गाव ग्रां बुआ.

उसाच्या मळ्यात जन्म काढलेली शांती मागच्या बाकावरून उठली. मी नाही जात, भगवतीबाईंनाच जाऊ द्या, असं ती पुन्हा पुन्हा म्हणू लागली. भगवतीनं तिला हाताला धरून खाली बसवलं आणि स्वतः शेजारी बसली.

गजेंद्र वायरी गुंडाळत होता. आईकडे बघायचं त्याला धैर्य होईना. पण तिचा आवाज येत होता.

"माझा आजा आंबेवाडीचा," ती शांतीला सांगत होती. "तिकडं आंबेवाड्या पुष्कळ आहेत म्हणतात. त्याची कुठली, ते आता कोणालाच ठाऊक नाही. तुला वाटेत जी लागेल ना, तिथलं पाणी माझ्या नावानं पी."