नदीतली सवत

आमच्या इरावतीकाठी डॉल्फिनला हाक मारून मासे पकडतात. आमच्यातला कोळी को म्यात काठीने होडीच्या कडेवर टकटक करायचा, घशातून आवाज घुमवत "ये गं फ्यूमा" म्हणायचा, की त्याची ती डॉल्फिन फुस्सकन श्वास सोडत वर यायची, मासे हाकत थेट त्याच्या जाळ्यापाशी आणायची.

"मा न्वे, तुझी सवत भारी कामसू हो!" घाटावर बायका त्याच्या बायकोला चिडवायच्या. मा न्वे हसायची, पण आतून जळायची.

"मला कधी अशी हाक मारलीत का हो?" तिने एकदा विचारलंच.

"तू काय, घरातच असतेस की!"

त्याच आठवड्यात बॅटरीचा शॉक देऊन मासे मारणारे आले. फ्यूमा कुठल्या डोहात विसावते, ते मा न्वेनेच त्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी फ्यूमा वाळूवर मरून पडलेली सापडली. को म्यातने तिला काठावर पुरलं. रडला मात्र नाही.

सकाळी म्हणाला, "चल, आज तू बैस होडीत."

मा न्वे हरखली. गालांना थानाखाच्या सालीचा लेप लावून, केसांत फूल माळून आली.

भर नदीत त्याने टकटक केली.

"आता कुणाला बोलावताय?"

होडीलगत कुणीतरी फुस्सकन श्वास सोडला. पाण्यावर कुणीच नव्हतं. मासे मात्र उसळत जाळ्याकडे निघाले.

पुन्हा श्वास ऐकू आला, या वेळी होडीतूनच. मा न्वेच्या मानेवर थेंब उडाले.

तिच्या खांद्यापलीकडे बघत को म्यात हसला. इतक्या लाडाने तो तिच्याकडे बघून कधीच हसला नव्हता.

"मा न्वे, सरक जरा. तिला बसू दे."

मा न्वे जागची हलली नाही. तरी होडी तिच्या बाजूने हळूहळू कलत गेली.