सकाळची गोळी

मरत्या ग्लॅडिएटरचं गरम रक्त प्यायलं की फिट कायमची जाते, असं प्राचीन रोमन मानायचे. तिच्या प्राध्यापक बाबांनी यावरच्या संशोधनात वीस वर्षं रक्त आटवलं, पण त्यांना काळं कुत्रंही विचारत नव्हतं. मागच्या महिन्यात तिची सकाळची गोळी चुकली आणि त्यांच्या व्याख्यानात, पहिल्या रांगेत, तिला फिट आली. बाबा धावले नाहीत. तिच्याकडे बोट दाखवून म्हणाले, “बघा, यालाच ते दैवी रोग म्हणायचे!” मागचे लोक खुर्च्यांवर चढले. तेव्हापासून आमंत्रणांची रीघ लागली. आज सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. बाबांनी तिला हात धरून पहिल्याच रांगेत बसवलं. पर्समध्ये गोळ्यांची डबी नव्हती. “बाबा, माझी डबी पाहिलीत?” त्यांनी कोटाचा फुगलेला खिसा चाचपला, तिच्या डोक्यावरून मायेनं हात फिरवला. “कार्यक्रम झाल्यावर घे, बाळा. आज टीव्हीवाले आलेत.”