काठाच्या अलीकडे

वणीच्या त्या जिनिंगच्या दारात तेलाचा एक जुना डबा टांगलेला आहे. आत जाणाऱ्यानं काडेपेटी, किल्ल्या, मोबाईल, सगळं त्यात टाकायचं आणि मगच पुढं जायचं. कापसातून लोखंडाचा तुकडा यंत्राच्या सुरीपाशी गेला तर ठिणगी उडते, आणि कापसाला एक ठिणगी पुष्कळ झाली. लहानपणी उर्वशीचे पैंजणही याच डब्यात पडायचे.

आज तिनं मोबाईल टाकला, पेन टाकलं आणि वडिलांचं जेवण घेऊन आत गेली.

पंजाबराव तिथले फिटर. तीस वर्षं बारा यंत्रांच्या आवाजात काढल्यामुळं ते घरीही ओरडूनच बोलत.

"चार वाजता हाय ना तुही परीक्षा? मंग तोंड काहून उतरलं?"

"एका प्रश्नाचं उत्तर सापडून नाही राह्यलं, बाबा."

"मले सांग."

उर्वशीनं ओरडूनच सांगितलं. "कृष्णविवर हाय, सोताभोवती फिरते. त्याच्या काठापाशी दोन कण धडकतात. एक सरळ आत पडते. दुसऱ्याची फिरकी अशी नेमकी, का तो काठापाशीच रेंगाळते. जितकी काठाजवळ, तितकी टक्कर मोठी. तिले हद्दच नाही."

"फिरते कोन्या बाजूनं?"

पीएचडीच्या पाच वर्षांत हा प्रश्न तिला कुणी सगळ्यात आधी विचारला नव्हता. ती हसली. "रेंगाळणारा फिरते, त्याच बाजूनं."

"अन् मधात काय हाय?"

"लोक म्हणतात, मधात सारं गणितच मोडते. माह्या विवरात नाही मोडत. मधात सारं साबूत हाय. मारामारी काठावर."

"मंग अडलं कुठी?"

अडलं होतं प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात. परीक्षकांनी आधीच लिहून कळवलं होतं: तो रेंगाळणारा कण काठापर्यंत पोचायला अनंत काळ घेतो, म्हणजे पोचतच नाही, मग टक्कर होणार कशी? उत्तर पटलं नाही तर हे प्रकरण गाळावं. त्या प्रकरणात तिची दोन वर्षं होती.

पंजाबरावांनी भाकरी मोडली आणि ते विचार करत बसले. उर्वशी शेवटच्या यंत्रावर वाकून बघत राहिली. चामड्याचा रूळ फिरत होता आणि रुई ओढून पलीकडे नेत होता. सरकीही तिच्यामागं निघायची, पण सुरीच्या फटीत मावायची नाही. मार खाऊन खाली पडायची. उर्वशी बराच वेळ तिथंच होती.

निघताना तिचा हात केसांकडे गेला. सकाळी दोन पिना लावल्या होत्या. आता एकच होती.

रस्त्यात पडली असेल, असं तिनं मनाला सांगून पाहिलं. मनानं ऐकलं नाही. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती, आणि यंत्रं थांबली की बोलणी वडिलांनाच बसणार होती.

"बाबा, माही पिन पडली."

पंजाबराव ताडकन उठले. खरकटा हात तसाच वर केला. एकामागून एक बाराही यंत्रं थांबली. मग कापूस टाकणाऱ्या तुळसाबाईचा खोकलासुद्धा ऐकू आला.

मुकादम शामराव धावत आले. "कायले बंद केलं?"

"पोरीची पिन हाय कापसात."

"फिटरची पोरगी अन् पिना लावून आत?"

उर्वशीला फार लाज वाटली. ती तुळसाबाईशेजारी बसून मूठमूठ कापूस चाचपू लागली.

पिन पंजाबरावांनाच सापडली. शेवटच्या यंत्राच्या तोंडाशी, सुरीपासून चार बोटांवर.

"आत तं गेलीच नव्हती," शामराव वैतागले. "फुकट अर्धा तास गेला."

"आत ते जातच नसते, शामराव. फटीत मावतच नाही. पन भडका आत होते काय? काठाच्या अलीकडंच होते. जवळ आली का झालं."

उर्वशीचे हात कापसातच थांबले.

"बाबा, पुन्हा सांगा."

"कितीक डाव सांगू?" पंजाबराव आता खरोखर चिडले होते. "तू एवढीशी होती तवापासून सांगून राह्यलो. हे घे. अन् दुसरी काढ पयले, टाक डब्यात."

चार वाजता लॅपटॉपच्या पडद्यावर परीक्षकांनी तोच प्रश्न विचारला.

"काठावर पोचायची गरज नाही, सर," उर्वशी म्हणाली. "टक्कर अलीकडेच होते. पोचण्याआधी, ठरावीक वेळात."

परीक्षकांनी चष्मा काढला आणि ते पुढं झुकले. "अलीकडे म्हणजे किती अलीकडे?"

त्याचं गणित तिनं चौथ्या प्रकरणातच दोन वर्षांपूर्वी करून ठेवलं होतं. तरी सूत्र सांगण्याआधी तिनं नकळत चार बोटं वर केली. डोळ्यांवर आलेले केस मागं सारले. दुसरी पिन अजून दारातल्या डब्यात होती.