अळू बाधतं

केरबांनी शेजारणीकडची अळूवडी तोंडात टाकली आणि घशावर हात ठेवून वाट पाहत बसले. घसा खाजतो म्हणून जीव की प्राण असलेली ही वडी त्यांनी वीस वर्षांपूर्वी सोडली होती. डॉक्टर म्हणाले, एकदा खाऊन बघा. पाच वड्या संपल्या, तरी काही नाही.

“अगं हौसा, मला अळू बाधत नाही! मग तुझ्याच हातच्या वड्या का खाजायच्या?”

“तुमच्या वड्यांत चिंच नसायची. चिंचेशिवाय अळू खाजतंच.”

“फक्त माझ्याच?”

“लग्नाच्या वर्षी वडी आंबट झाली म्हणून भरलं ताट माझ्या अंगावर फेकलंत. ‘पुन्हा चिंच घातलीस तर याद राख’ म्हणालात.”

हौसाबाईंनी रिकामी ताटली उचलली.

“राखली याद.”