थांबायची अट

“बाबा, बंगळुरूच्या कोडिंग कॅम्पला मी एकटी जाऊ?”

“पूछ के दिखा, यार!” असं मैत्रिणींनी चिडवलं होतं, म्हणून लुंबिनीनं जेवताना विचारूनच टाकलं.

“आईला विचार,” बाबा म्हणाले.

“बाबांना विचार,” आई म्हणाली. वरणभातावरून नजर कोणीच उचलली नाही.

लुंबिनी खोलीत गेली आणि तिनं लिस्प भाषेत नुकताच शिकलेला मॅक्रो लिहिला. मॅक्रो म्हणजे आपला पुढचा कोड स्वतःच लिहून देणारा कोड. आईचं उत्तर आलं की बाबांना विचारायची ओळ लिही, बाबांचं आलं की आईला, एवढंच तिनं त्याला सांगितलं. मॅक्रो बिचारा लिहीतच सुटला. लॅपटॉपचा पंखा घरघरला आणि शेवटी सगळं ठप्प झालं. चूक शोधायला तिला फार वेळ लागला नाही. घरात जे चालतं ते तिनं हुबेहूब उतरवलं होतं, आणि त्यात थांबायची अटच नव्हती.

एक ओळ वाढवून ती हॉलमध्ये आली.

 

“आई, बाबा, दोघंही एकमेकांकडे पाठवत राहिले, तर उत्तर ‘हो’ धरायचं, असं मी ठरवलंय. शनिवारी निघतेय. हरकत असेल, तर एकमेकांना विचारा.”